मागील कागदांसह

राधाकृष्णरावांनी नातीची वही खिडकीजवळ नेली, हात लांब करून धरली आणि तेच वाक्य परत वाचलं. द क्लार्क डिड नॉट पुट अप द फाईल. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. वाक्य होतं तिथंच होतं.

"आबा, बरोबर आहे ना?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. तिला वही घेऊन क्लासला पळायचं होतं.

पानाच्या डोक्यावर 'पुट अप' असं ठळक लिहून खाली त्याचे अर्थ एकाखाली एक मांडले होते. भिंत किंवा मांडव उभारणं. पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं. भाव वाढवणं. हात वर करणं. इंग्रजांनी शब्दांत काटकसर केली आणि अर्थांची अशी खैरात केली, ती निस्तरायची मात्र शेवगावच्या अकरावीतल्या पोरींनी. पाचव्या अर्थापुढे 'फक्त सरकारी कचेरीत' अशी टीप होती: कागद साहेबापुढे ठेवणं. आणि त्याखाली ते क्लार्कचं वाक्य.

ज्ञानेश्वरीचं म्हणणं असं, की हा पाचवा अर्थ गाईडमध्ये नाही, मोबाईलवरही नीट सापडत नाही. पोरींनी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा मी पुस्तकात नाही, कचेरीच्या टेबलापाशी शिकले. आबा तर जन्मभर कचेरीतच होते, मग खरंच असं म्हणतात का, एवढंच तिला हवं होतं.

"म्हणतात," राधाकृष्णराव म्हणाले.

म्हणतात काय, चौतीस वर्षं ते दुसरं काही म्हणालेच नव्हते. फाईल पुटअप केली का, उद्या पुटअप करतो, साहेब पुटअप करून ठेवलंय. बाकीचे चार अर्थ त्यांना आज, एकोणसत्तराव्या वर्षी कळत होते. त्यांनी वही मिटली आणि सहज विचारावं तसं मॅडमचं पूर्ण नाव विचारलं.

"प्रज्ञा भिंगारदिवे. का हो?"

काही नाही म्हणून त्यांनी मान हलवली. पण पोरगी चप्पल घालता घालता बोलतच राहिली. क्लास मॅडमच्या घरातच, पुढच्या खोलीत भरतो. तिथं कोपऱ्यात खाटेवर मॅडमचे वडील बसलेले असतात. त्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यातला एकेक कागद काढायचा, नाकाला टेकेल इतका जवळ धरायचा, परत ठेवायचा, हेच दिवसभर. मॅडम कॉलेजात होत्या तेव्हा कसलासा कागद त्यांच्या हातून हरवला म्हणे, तो अजून शोधतात. आता तर डोळेही गेल्यात जमा आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल.

"हसू येतं बघा आधी, मग वाईट वाटतं," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

राधाकृष्णराव खिडकीपाशीच उभे राहिले. त्या म्हाताऱ्याचा कागद हरवलेला नव्हता. तो आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली होता. बावीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्यानं, रंभाजीनं, तो स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिला होता.

तालुका कुठला, ते सांगण्यात अर्थ नाही. टेबलं सगळीकडची सारखीच. राधाकृष्णराव तेव्हा अव्वल कारकून होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. माणूस कामाला चोख, अक्षर मोत्यासारखं, आणि कुणाच्या चहालाही मिंधा नाही. ही शेवटची गोष्ट ते स्वतःच जरा जास्त वेळा सांगायचे.

२००३ सालच्या जून महिन्यातल्या एका सोमवारी रंभाजी भिंगारदिवे नावाचा गवंडी लेकीला घेऊन आला. लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली, डी.एड.च्या यादीत तिचं नाव लागलेलं. त्या काळी डी.एड.ला नंबर लागला म्हणजे पोरगी मास्तरीण झालीच समजायचं. फक्त जातीचा दाखला महिनाअखेरच्या आत द्यायचा होता. त्यासाठी रंभाजीनं आपल्या बापाचा शाळेचा जुना दाखला आणला होता. धर्म बदलण्याआधीचा, जातीची नोंद असलेला. त्याची दुसरी प्रत निघायची सोय नव्हती, कारण शाळेचं ते रजिस्टरच वाळवीनं खाल्लेलं. भाऊसाहेबांनी दाखला घेतला, पाठीवर आवक शिक्का मारला, अर्जाला टाचला आणि फाईल साहेबांकडे पाठवली. दहा मिनिटांत ती परत आली. साहेबांनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं होतं, 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. म्हणजे मागील कागदांसह सादर करा. रोज दहा फाईलींवर पडणारा शेरा.

टेबलापलीकडे उभ्या पोरीनं तो उलटा वाचला आणि तिला हसू फुटलं.

"अप्पा, साहेबांनी लिहिलंय, जुन्या कागदांना सहन करा."

कॉलेजात तिला पुट अप विथ म्हणजे सहन करणं असंच शिकवलं होतं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, अठरा वर्षांच्या पोरीला गंमत वाटली एवढंच. पण अख्खी कचेरी हसली. आसाराम शिपाई तर बाकावर हात आपटून हसला. शेजारच्या टेबलावरचा पोरसवदा कारकून म्हणाला, भाऊसाहेब, वीस वर्षं सहनच करताय की. भाऊसाहेबांचे कान तापले. हसण्याचं दुःख नव्हतं. ज्या दोन शब्दांवर त्यांची नोकरी चालली होती त्यांचा असाही अर्थ होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हे सगळ्यांना दिसलं होतं.

सोमवारी या, ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी टाचणी काढली, दाखला फाईलपासून सोडवला आणि आपल्या खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सारला. घालू दे चार खेटे, एवढाच विचार होता. पुढच्या सोमवारी सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. बापलेकीची शेवटची गाडी त्या दिवशी चुकली आणि दोघं स्टँडवरच झोपली, हे दुसऱ्या दिवशी आसारामकडून कळलं. त्याच्या पुढच्या सोमवारी त्यांनी फाईल उघडून रंभाजीसमोर धरली आणि शांतपणे सांगितलं, कागद कमी आहे, मूळ दाखलाच जोडलेला नाही. रंभाजी म्हणाला, भाऊसाहेब, म्या तुमच्या हातात दिला हुता. दिला असता तर फाईलला नसता का, भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. खोटं बोलायला आवाज चढवावा लागतो असं कुणी सांगितलंय?

आणि रंभाजीला ते पटलं. कारकुनाच्या शब्दापुढे त्याला आपले हात खोटे वाटले. त्यानं सदऱ्याचे खिसे उलटे केले, पिशवी झटकली, येतो म्हणाला आणि एस.टी. स्टँडपर्यंत रस्ता बघत गेला.

तीस तारखेला सोमवार होता. भाऊसाहेबांनी सकाळीच दाखला खणातून काढून ठेवला होता. आता धडा पुरे, सापडला म्हणून सांगू, असं ठरवून ते दिवसभर दाराकडे बघत बसले. बापलेक आलीच नाहीत. डी.एड.ची मुदत शनिवारीच संपली होती. ती विचारून ठेवायची त्यांना गरज वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांना सुटल्यासारखंच वाटलं होतं.

कागद मात्र त्यांच्यानं फाडवला नाही. आवक शिक्का पडलेला कागद फाडायला कारकुनाचा हात धजत नाही. बदली झाली, कागद बरोबर गेला. निवृत्त झाले, कागद घरी आला. बायको असताना ती कपाट आवरायला लागली की हे उगाच तिथं घोटाळायचे. दुसऱ्या कुणाची, आपल्यातल्या कुणाची लेक तशी हसली असती तर आपण कागद दाबला असता का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच विचारला नाही.

पुढचे दोन दिवस त्यांनी नेवासा रस्त्याला नुसत्याच चकरा मारल्या. तिथं एका घरावर 'इंग्रजी संभाषण व व्याकरण' अशी पाटी होती. आत पोरी एका सुरात काहीतरी म्हणत होत्या. दोन्ही वेळा ते पुढच्या दुकानातून गरज नसताना काडेपेटी घेऊन परत आले. रात्री जेवण जायचं नाही. सूनबाईंनी विचारलं, तर पित्त झालंय म्हणाले.

रविवारी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता. काय बोलायचं तेही ठरलं होतं. जुन्या दप्तरात सापडला, तुमचं नाव आठवलं, आणून द्यावासा वाटला. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हाताऱ्याचा शोध संपला असता आणि इतक्या वर्षांनी घरपोच कागद आणून देणारा कारकून म्हणून चारचौघांत नावही झालं असतं.

दार उघडंच होतं. खाटेवर एक वाळलेला म्हातारा पुढ्यात पेटी उघडून बसला होता. राधाकृष्णरावांनी दारातूनच नमस्कार केला. तेवढ्या एका शब्दावर म्हाताऱ्यानं मान वर केली.

"भाऊसाहेब का? जयभीम. या, या."

डोळे विझत आले होते, पण हा आवाज त्यानं बावीस वर्षं जपून ठेवला होता. तो उठायला लागला. राधाकृष्णराव नको नको म्हणेपर्यंत त्यानं चाचपडत खुर्ची पुढे ओढली, आतल्या दिशेला तोंड करून लेकीला पाणी आणायला सांगितलं, चहा ठेवायला सांगितलं. मग तो स्वतःच बोलायला लागला. पोरगी शिकली म्हणाला. चार वर्षं रोजानं कांदे काढले, त्यातच बाहेरून बी.ए. केलं. आता दुसऱ्याच्या पोरी शिकवती. सरकारी नोकरी तेवढी हुकली. तिनं कधी तोंडानं बोलून दाखवलं न्हाई, पण बापाला कळतं. मग त्यानं दोन्ही हात जोडले, राधाकृष्णराव बसले होते त्याच्या जरा डावीकडे.

"तुमी तवा सांगत हुते, कागद आना म्हनून. माझ्याच हातनं गेला, भाऊसाहेब. पोरीचं नुसकान म्या केलं. तुमचा काय दोस न्हाई."

ठरवून आणलेलं वाक्य राधाकृष्णरावांना आता म्हणता येईना. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. अंगावर धावून आला असता तरी चाललं असतं. पण हा माणूस त्यांचीच माफी मागत होता. त्यांनी खिशातली पिशवी काढली. दाखला बाहेर काढला. तो त्यांनी रंभाजीच्या जोडलेल्या हातांत ठेवला.

रंभाजीनं कागद नाकापाशी नेला. मग बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या. एका कोपऱ्यात फाटलेल्या जागी जुनी पट्टी चिकटवलेली होती. बोट तिथं थांबलं, पुढे गेलं, परत तिथंच आलं.

"ही पट्टी माझ्या आईनं लावलेली," तो हळू आवाजात म्हणाला. "खळीनं. कुठं सापडला हो?"

"सापडला नाही. माझ्यापाशीच होता."

आतून पाण्याचा तांब्या घेऊन येणारी बाई दारातच थबकली. चाळिशीची, केस आवळून बांधलेली, बोटांना खडू लागलेला. तिनं तांब्या खाली ठेवला, बापाच्या हातातून कागद घेतला आणि आधी पाठच बघितली. शिक्क्याची शाई फिकट झाली होती, पण आकडे वाचता येत होते.

"आवक. नऊ जून दोन हजार तीन," तिनं वाचलं.

"म्हंजे म्या दिला हुता," रंभाजी म्हणाला. थोडं थांबून परत म्हणाला, "दिला हुता म्या." तिसऱ्यांदा त्याचे नुसते ओठ हलले. मग त्यानं पुढ्यातली पेटी दोन्ही हातांनी लेकीकडे सरकवली.

"ही लाव गं आता."

प्रज्ञानं पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि ती खाटेखाली सारली. मग ती राधाकृष्णरावांकडे वळली. रडली नाही, ओरडली नाही. का, एवढंच विचारलं. राधाकृष्णराव जन्मभर लिहीत आले होते. स्वतःबद्दल तोंडानं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग क्लासच्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि पेनासकट त्यांच्यासमोर धरला.

"लिहून द्या. तुमच्या पद्धतीनं."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. सवयीनं डावीकडे चार बोटं समास सोडला, आणि तेच मोत्यासारखं अक्षर, आता जरा कापरं झालेलं, खाली उतरलं.

'सादर. अर्जदार रंभाजी भिंगारदिवे यांनी मूळ दाखला दि. ९ जून २००३ रोजी समक्ष दिला होता. तो फाईलला जोडलेला होता. सदर दाखला निम्नस्वाक्षरीकाराने काढून स्वतःच्या खणात ठेवला व कागद कमी असल्याचे अर्जदारास खोटे सांगितले. अर्जदाराची कोणतीही चूक नव्हती.'

इथं ते थांबले. मागे जाऊन 'निम्नस्वाक्षरीकाराने' या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि वर 'मी' लिहिलं. मग शेवटची ओळ लिहिली. 'कारण: अर्जदाराची मुलगी हसली.' खाली सही केली, तारीख टाकली.

प्रज्ञानं ते बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्गात धडा वाचावा तसं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. शेवटची ओळही तशीच वाचली. मग तिनं ती ओळ मनात परत वाचली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

रंभाजीनं कुणाला कळेल न कळेल अशा आवाजात विचारलं, काय हसली हुती गं तू? तिनं आत जाऊन चहा आणला, एक कप बापाच्या हातात दिला, एक राधाकृष्णरावांसमोर ठेवला. नोकरीत असताना त्यांनी कुणाच्या घरचा चहा घेतला नव्हता. हा घ्यावा लागला. तो गोड होता की नाही हेसुद्धा त्यांना कळलं नाही. कप ठेवून उठले तेव्हा ती टेबलापाशी उभी राहून त्यांच्या टिपणीच्या समासात काहीतरी लिहीत होती. फार नाही, चारपाच शब्द. तिनं कागदाची घडी घातली आणि कचेरीतून फाईल परत येते तशी त्यांच्या हातात ठेवली. दाखला रंभाजीच्या मांडीवर होता. तो अजून त्या पट्टीवरून बोट फिरवत होता. राधाकृष्णरावांनी जातो म्हणून सांगितलं. या म्हणून कुणी म्हणालं नाही.

घरी आले तेव्हा ज्ञानेश्वरी ओट्यावर वही घेऊनच बसली होती. कुठं गेला होता म्हणून तिनं विचारलं. त्यांना कागद खिशात घालता आला असता. घालायला हात गेलाही. पण तो त्यांनी तिच्यापुढे धरला आणि पायरीवर बसून राहिले. एका पानाला एवढा वेळ लागत नाही, पण तिला लागला. वाचून झाल्यावर ती आबांकडे बघेना. तिची वेणी पुढं आली होती, ती मागं टाकायचंही तिला सुचलं नाही. मग तिनं समासावर बोट ठेवलं. अक्षर मॅडमचं आहे, हे तिनं ओळखलं होतं.

"पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स," तिनं वाचलं. "हा तो पाचवा अर्थ का, आबा?"

"नाही. सहावा. तुमच्या मॅडमनी अठराव्या वर्षी सांगितला होता, मी ऐकला नाही. लिहून घे."

तिनं वही उघडली, पेन्सिल धरली आणि वाट बघत राहिली.

"सहन करणं," राधाकृष्णराव म्हणाले.

"कुणी?"

त्यांनी तिच्या हातातून कागद परत घेतला आणि आत गेले. कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातले विम्याचे कागद उचलले आणि तो खाली ठेवला. जागा सकाळपासून रिकामीच होती.